मुलांनी लिहिलेलं पुन्हा लिहायला वेळ द्या

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

"आजकालच्या मुलांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत" हे वाक्य दर रिझल्टनंतर पेपरात कुठे ना कुठे वाचायला मिळतं, आणि त्याचं खापर प्रत्येक जण आपापल्या सोयीने फोडतो, कुणी मोबाईलवर, कुणी इंग्रजीवर, कुणी आईवडिलांवर, कुणी सरळ शिक्षकांवर. मी पाचवी-सहावीच्या मुलांना भाषा शिकवते, बरीच वर्षं शिकवतेय, आणि मला मनापासून वाटतं की यातलं मोठं कारण वर्गातच आहे आणि ते आपल्या हातातलं आहे. आपण मुलांना लिहायला लावतो पण लिहिलेलं पुन्हा लिहायला लावत नाही. एकदा लिहिलं, वह्या जमा झाल्या, लाल पेनने गोल झाले, सही झाली, विषय संपला, पुढच्या आठवड्यात पुढचा निबंध. मोठा लेखक असला तरी तो आपला पहिला खर्डा छापायला देत नाही, आणि दहा वर्षांच्या मुलाने मात्र पस्तीस मिनिटांच्या तासात पहिल्या फटक्यात शुद्ध, मुद्देसूद, सुंदर अक्षरात आणि वर भावनेने ओथंबलेलं लिहावं अशी आपली अपेक्षा. कसं जमणार?

आधी निबंध कसा लिहून घेतला जातो ते बघा. फळ्यावर टॉपिक येतो, माझी आई. त्याखाली मुद्दे येतात, दिसणं, स्वभाव, कामं, तिचं माझ्यावरचं प्रेम. मुलं मुद्दे भरतात आणि सगळ्या वर्गाच्या आया एकसारख्या होतात, सगळ्या प्रेमळ, सगळ्या पहाटे उठतात, सगळ्या कधीच चिडत नाहीत. पण मधल्या सुट्टीत त्याच मुलांना आईबद्दल बोलताना ऐका. एकीची आई चिडली की भांडी जोरात ठेवते, एकाची आई मावशीशी फोनवर बोलताना वेगळ्याच आवाजात बोलते, एकीची आई गाडी शिकत असते आणि घाबरते. हे सगळं मुलांना माहीत असतं, तोंडाने सांगताही येतं, फक्त ते 'निबंधात चालतं' हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आता तर मोबाईलला विचारलं की अर्ध्या मिनिटात माझी आई लिहून मिळते, आणि खरं सांगायचं तर ती गाईडमधल्या निबंधासारखीच असते. भांडी जोरात ठेवणारी आई मात्र कुठलंच यंत्र स्वतःहून लिहू शकत नाही, ती फक्त त्या मुलीला माहीत आहे. म्हणून नक्कल थांबवायची असेल तर टॉपिकच असा द्यावा की उत्तर फक्त त्या मुलाकडे असेल, आणि लिहायचं वर्गात, सगळ्यांच्या समोर.

माझ्या वर्गातलं एक उदाहरण देते म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. एका मुलाने सुट्टीबद्दल लिहिलं होतं, "आम्ही खूप मजा केली. मी सायकल शिकलो. खूप छान वाटले. मग आम्ही घरी आलो." शुद्धलेखन एकदम बरोबर, मार्क द्यायचे तर चांगलेच द्यावे लागले असते. मी काहीच खूण केली नाही, फक्त शेजारी बसून विचारलं, शिकलास ते नेमकं कधी कळलं तुला? तो म्हणाला की दादाने मागून सायकल धरली होती आणि मला न सांगता सोडून दिली. मग तुला कसं कळलं? तर म्हणे मी त्याच्याशी बोलत होतो आणि तो काहीच बोलेना. मी म्हटलं, हे लिही, बाकी काही नको. दुसऱ्या दिवशी त्याने आणलं ते असं होतं: "मी दादाला विचारलं, पडलो तर लागेल का? तो बोलला नाही. मी परत विचारलं. मग मागे बघितलं तर दादा लांब गेटपाशी उभा होता आणि हसत होता. मग मी पडलो." यात 'मजा' नाही, 'छान' नाही, आणि तरी वर्गात वाचल्यावर सगळी मुलं हसली, एकाने तर विचारलं की लागलं का रे फार. म्हणजे वाचणाऱ्याला पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं. या दोन खर्ड्यांच्या मधे मी त्याला एकही नियम शिकवला नाही, फक्त दोन प्रश्न विचारले, आणि पुन्हा लिहायला वेळ दिला. हा वेळ वेळापत्रकात कुठेच नसतो, हे माझं दुखणं आहे.

संपादक महोदय, हे माझं एकटीचं मत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेखन शिकवण्यावर तोवर झालेल्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला होता आणि त्यात स्पष्ट म्हटलं होतं की सुटं व्याकरण शिकवून मुलांचं लिखाण सुधारतं याला आधार नाही, उलट लिहिण्याचा वेळ त्यात जातो म्हणून तोटाही होऊ शकतो. पुढे २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सगळ्यात जास्त उपयोग कशाचा झाला तर मुलांना आखणी कशी करायची, लिहिलेलं कसं तपासायचं आणि कसं सुधारायचं हे पायरीपायरीने शिकवण्याचा, त्याखालोखाल वाचलेल्याचा सारांश लिहायला शिकवण्याचा आणि मुलांनी एकमेकांच्या मदतीने लिहिण्याचा. आणि वेगळ्या तासाला शिकवलेल्या व्याकरणाचा परिणाम त्यातही उलटाच दिसला. हे अभ्यास इंग्रजीतले आहेत हे खरं, पण मुलाचं डोकं चालतं कसं हा प्रश्न भाषा बदलली म्हणून फार बदलत नाही.

याचा अर्थ शुद्धलेखन सोडून द्या असं मी अजिबात म्हणत नाहीये. मला स्वतःला चुकीचा ऱ्हस्व-दीर्घ खटकतो. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ मध्ये शासनाने मान्य केले, १९७२ मध्ये अजून ४ आले, असे १८ नियम आहेत आणि ते शिकवायलाच हवेत. प्रश्न आहे कधी आणि कसे. पहिल्या खर्ड्यावरच लाल पेन फिरलं की मूल काय करतं, तर ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्दच टाळतं. 'दचकलो' लिहायचं असतं पण च आधी की क आधी, म्हणून 'घाबरलो' लिहितं. 'हिरमुसली' लिहायचं असतं, मु ऱ्हस्व की दीर्घ, म्हणून 'वाईट वाटलं'. चूक वाचते आणि शब्द मरतो. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या खर्ड्याला लाल पेन लागत नाही, शुद्धलेखन शेवटच्या खर्ड्यात, आणि तेही एका वेळी एकच नियम. समजा या वेळी बऱ्याच वह्यांत फूल-मूलची चूक दिसली तर तेवढंच घ्यायचं. फूल, पण फुलाला. मूल, पण मुलाला. वीट, पण विटेला. गरीब, पण गरिबाला. मुलांना म्हणायचं आता तुमच्याच वहीतून असे शब्द शोधा. ती शोधतात, भांडतात, 'बाई मग खीर-खिरीला पण का' असं विचारतात, आणि नियम त्यांनी स्वतःच सांगितलेला असतो, की शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर आधीचं दीर्घ आणि प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व होतं. मग 'गुण' मधला उ दीर्घ का नाही असं कुणी विचारलंच तर तो संस्कृतातून जसाच्या तसा आलाय हे सांगायची वेळ तीच. अठरा नियमांची झेरॉक्स वाटून हे होत नाही.

आता शब्दसंग्रह. शब्दार्थ पाठ करून घेण्याचा जो प्रकार आहे, धड्याखालचे पंधरा-वीस शब्द, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ, शुक्रवारी टेस्ट, त्याने शब्द येत नाहीत, टेस्ट येते. १९८७ मध्ये जॉर्ज मिलर आणि पॅट्रिशिया गिल्डिया यांनी मुलांना शब्दकोशातला अर्थ देऊन वाक्यं करायला सांगितली होती, आणि मुलांनी अर्थातला एक ओळखीचा तुकडा उचलून त्याच्यावर विचित्र वाक्यं केली. हे आपल्या वर्गात रोज घडतं. अथांग म्हणजे खूप खोल, तर वाक्य येतं "मला अथांग जखम झाली". विपुल म्हणजे भरपूर, "मला विपुल भूक लागली". मुलांचं चुकत नाही हो, दिलेल्या अर्थाप्रमाणे वाक्य बरोबर आहे! शब्द कुठे बसतो, कुणाशेजारी बसतो, कुठे बसत नाही हे समान चिन्हाच्या उजवीकडे लिहिता येतच नाही, ते ऐकून, वाचून आणि स्वतः वापरून कळतं.

कुठले शब्द शिकवायचे यावर पण विचार व्हायला हवा. इझाबेल बेक या अभ्यासक बाईंनी शब्दांचे तीन थर सांगितलेत ते मला फार उपयोगी पडतात. पहिल्या थरातले शब्द घरातच येतात, पाणी, पळणे, झोप. तिसऱ्या थरातले त्या त्या विषयाचे, प्रकाशसंश्लेषण, अपूर्णांक, ते त्या विषयाच्या तासाला येतील. मधला जो थर आहे, संकोच, नाइलाज, तडजोड, दुर्लक्ष, खात्री, अनपेक्षित, हट्ट, समजूत, तो सगळ्या विषयांच्या पुस्तकात येतो, गोष्टीत येतो, बातमीत येतो, आणि घरी फार पुस्तकं नसलेल्या मुलाला तो आपोआप मिळत नाही. भाषेच्या शिक्षकाने आपली ताकद या मधल्या थरावर लावावी, आठवड्याला चार-पाच शब्द, पण पक्के.

पक्के म्हणजे कसे तर 'नाइलाज' घ्या. अर्थ सांगायच्या आधी मी वर्गाला विचारते, पाऊस पडतोय म्हणून खेळायला गेलो नाही हा नाइलाज का? होमवर्क केला नाही कारण झोप आली, हा नाइलाज की आळस? बस चुकली म्हणून चालत आलो, हा? लगेच दोन तट पडतात. एक मुलगी म्हणाली नाइलाज म्हणजे करायचं नसतं तरी करावं लागतं, दुसरा म्हणाला नाही, दुसरा रस्ता असतो पण तो बंद असतो. एवढी घासाघीस झाल्यावर तो शब्द कोण विसरेल? तरी तो उद्या परत आला पाहिजे, पुढच्या आठवड्यात परत, महिन्याने परत, कारण विसरणं हे आळशीपणाचं लक्षण नाही, हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरलं जातं आणि थोड्या थोड्या अंतराने परत घेतलं की टिकतं. धडा संपला की त्यातले शब्दही संपले असं आपण करतो, हे त्याच्या अगदी उलट आहे.

आणि आपल्या भाषेत आवाजाचे शब्द किती आहेत बघा, कुजबुजणे, पुटपुटणे, कुरकुरणे, भुणभुण लावणे, तणतणणे, खेकसणे. "मी येणार नाही" हे एकच वाक्य सहा मुलांनी सहा तऱ्हांनी म्हणून दाखवायचं, बाकीच्यांनी शब्द ओळखायचा. मागच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी मुलंसुद्धा यात येतात. मग पुढच्या खर्ड्यात 'म्हणाला' च्या जागी 'पुटपुटला' आपोआप यायला लागतं. काही मुलं अति करतात, प्रत्येक ओळीत खेकसणे आणि तणतणणे, तेव्हा सांगायचं की 'म्हणाला' हा शब्द पण चांगला आहे, तो वाचणाऱ्याच्या वाटेत येत नाही. जडजड शब्द घातले म्हणजे भाषा चांगली हा समज मुलांमध्ये आपणच पेरतो, 'सुविचार' आणि 'म्हणी' घातल्या की जादा मार्क देऊन.

वाचनाने शब्द वाढतात हे सगळे सांगतात आणि ते खरंच आहे, पण 'वाचा, आपोआप येईल' एवढं सांगून आपण मोकळे होतो तिथे गडबड आहे. विल्यम नॅगी, रिचर्ड अँडरसन आणि पॅट्रिशिया हर्मन यांनी ऐंशीच्या दशकात शाळकरी मुलांवर जे काम केलं त्यात असं दिसलं की एखादा अनोळखी शब्द वाचनात एकदा भेटला तर तो लक्षात राहण्याची शक्यता साधारण विसात एक. म्हणजे खूप वाचणाऱ्याचे शब्द खूप वाढतात आणि थोडं वाचणाऱ्याचे जवळजवळ वाढतच नाहीत. शिवाय पानावर अनोळखी शब्द किती आहेत हेही महत्त्वाचं. पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शिकणाऱ्यांवर २००० च्या सुमारास दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय गोष्ट नीट कळायची तर शंभरातले ९८ शब्द ओळखीचे लागतात. आपण मात्र सगळ्या वर्गाला एकच पुस्तक देतो, कुणाला त्यात एक शब्द अडतो, कुणाला वीस, आणि वीसवाल्याला आपण म्हणतो याला वाचनाची आवडच नाही. त्याला सोपं पुस्तक द्या ना, दुसरीतल्या मुलांचं दिलं तरी चालेल, लाज वाटू नये म्हणून त्याला सांगा की तुला हे लहान मुलांना वाचून दाखवायचंय. आणि अवघड पुस्तक शिक्षकाने मोठ्याने वाचून दाखवावं, पाचवीला, सातवीलासुद्धा, कारण या वयात डोळ्यांनी वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा कानांनी जास्त कळतं.

बोलीबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. मुलगा लिहितो, "आज्जी म्हणली, आरं थांब, येवढ्यात नगं जाऊ." आणि त्याच्यावर गोल पडतो, शेजारी 'अशुद्ध'. त्या मुलाला त्या गोलातून काय ऐकू येतं? की माझी आजी चुकीचं बोलते. एकदा हे मनात बसलं की तो वर्गात तोंड उघडत नाही आणि वहीत फक्त पुस्तकातली वाक्यं लिहितो. मी सरळ सांगते, अवतरण चिन्हाच्या आत आजी जशी बोलते तशीच बोलेल, तिथे एक काना हलवायचा नाही. बाहेर, जिथे तू लांबच्या वाचणाऱ्याला सांगतोयस, तिथे प्रमाण भाषा, कारण ती सगळ्यांना कळते. दहा वर्षांच्या मुलाला हा फरक अगदी सहज समजतो, उलट त्याला दोन भाषा येतात याचा अभिमान वाटायला लागतो, आणि गंमत म्हणजे ज्यांच्या घरी प्रमाण मराठीच बोलतात ती मुलं मग विचारायला लागतात की तुमच्याकडे याला काय म्हणतात रे.

साहित्य शिकवण्याबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय. कविता वाचून संपते न संपते तोच "कवीला काय म्हणायचे आहे?" हा प्रश्न टाकू नका. मुलांना लगेच कळतं की उत्तर टीचरकडे आहे, आपल्याला फक्त ते ओळखायचंय, आणि ती कवितेकडे बघायचं सोडून टीचरच्या चेहऱ्याकडे बघायला लागतात. लुईस रोझेनब्लाट यांनी १९३८ मध्येच हे मांडलं होतं की साहित्याचा अर्थ नुसता कागदावर नसतो, वाचणारा आणि लिहिलेलं यांच्या मधे तो तयार होतो. याचा अर्थ कुणी काहीही म्हणावं असा नाही. मी दोनच गोष्टी विचारते, कुठल्या ओळीपाशी थांबलास, आणि का. दुसऱ्या कुणाला वेगळं वाटलं तर त्याने कवितेतलीच ओळ दाखवायची. यात 'मला आवडली कारण छान आहे' चालत नाही, आणि गाईडमधलं उत्तरही चालत नाही.

अजून एक सोपा प्रकार, जो कुणीही उद्या करून बघू शकतं, ओळीतला एक शब्द झाकायचा. मी फळ्यावर माझंच एक साधं वाक्य लिहिलं होतं, "पाऊस थांबला तरी पागोळ्या ____ होत्या." मुलांनी सांगितलं गळत, पडत, टपकत, ठिबकत, वाजत. सगळे फळ्यावर लिहिले. मग मी माझा शब्द लिहिला, 'बोलत'. आधी विरोध झाला, पागोळ्या कशा बोलतील? मग एक मुलगी म्हणाली की गळत म्हटलं की दिसतं आणि बोलत म्हटलं की ऐकू येतं. दुसरा एक जण म्हणाला की मला 'ठिबकत' च जास्त आवडतं, कारण त्यात पण आवाज आहे आणि खोटं काही नाही. मला स्वतःला तो मुद्दा पटला. त्या तासाला अलंकाराचं नावही निघालं नाही, पण अलंकार कशाला असतो ते या मुलांना कळलं, 'ओळखा पाहू चेतनगुणोक्ती की उपमा' करून ते कळत नाही. नाव नंतर सांगावं, जरूर सांगावं, पण आधी ती वस्तू हातात तर येऊ दे.

पाठांतराला हल्ली उगाच नावं ठेवतात, मला ते पटत नाही. शब्दार्थाचं आणि प्रश्नोत्तरांचं पाठांतर मारक आहे, पण कवितेचं पाठांतर ही कमाई आहे. चालीवर म्हटलेली कविता जिभेवर बसते, तिच्यातली वाक्यांची वळणं बसतात, आणि ती पुढे लिहिताना कुठून कुठून वर येतात. तसंच एखाद्या चांगल्या गोष्टीची नुसती सुरुवात घेऊन, म्हणजे लेखकाने आधी शेवट सांगितला आणि मग कसं घडलं ते सांगितलं तर तसंच तू तुझ्या पडण्याचं लिही, असं म्हटलं की मुलं फार आवडीने करतात. मोठ्या लेखकाची रचना उचलून आपलं सांगणं ही कॉपी नव्हे, गाणं शिकणारा नाही का गुरूच्या मागोमाग म्हणत?

"वर्गात पन्नास मुलं आहेत बाई, पन्नास वह्यांचे दोन दोन खर्डे कोण वाचणार?" हा प्रश्न माझ्या सहकारी शिक्षिका विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे, त्यात निवडणुकीची कामं, माहितीचे तक्ते, ऑनलाईन भरायचे फॉर्म आहेतच. माझं उत्तर असं की सगळं वाचायची गरजच नाही. निबंधांची संख्या अर्ध्याहून कमी करा. वर्षाला वीस निबंध एकेकदा लिहिण्यापेक्षा आठ निबंध दोनदा-तीनदा लिहिलेले कितीतरी बरे. रोज फक्त पाच मुलांपाशी बसा, मुलं लिहीत असतानाच, प्रत्येकाला दोन-तीन मिनिटं, एक प्रश्न. बाकीची जोडीने एकमेकांना वाचून दाखवतील, आणि ऐकणाऱ्याने फक्त एवढंच सांगायचं की मला इथे चित्र दिसलं, इथे काही कळलं नाही, आणि इथे अजून ऐकायला आवडेल. चुका काढायच्या नाहीत. लहान मुलं हे मोठ्यांपेक्षा चांगलं करतात, कारण त्यांना खरंच पुढचं जाणून घ्यायचं असतं. एखाद्या मुलाची परवानगी घेऊन त्याचा खर्डा फळ्यावर उतरवून सगळ्यांनी मिळून त्यातली दोन वाक्यं एक करायची, किंवा एका लांबलचक वाक्याची तीन करायची, हा तर सगळ्यात चांगला व्याकरणाचा तास होतो, उभयान्वयी अव्यय तिथेच शिकवून होतं.

पण हे एकट्या शिक्षकाने ठरवून होत नाही. निबंधवहीत किती निबंध झाले हे मोजणारे साहेब जोवर किती निबंध पुन्हा लिहिले गेले हे बघत नाहीत तोवर शिक्षक संख्याच भरणार. वहीत खाडाखोड दिसली की मार्क कापायचे ही पद्धत बंद व्हायला हवी, खाडाखोड म्हणजे विचार केल्याची खूण आहे. आणि आईबाबांनाही माझी विनंती आहे, मुलाने लिहिलेलं दाखवलं की आधी चूक नका हो शोधू, आधी वाचा, त्यात काय सांगितलंय त्याबद्दल बोला, 'मग दादा काय म्हणाला?' एवढं विचारा. तुम्ही विचारलंत तर ते मूल पुढची चार वाक्यं लिहून आणेल.

शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, त्यासाठीच खरं तर एवढं लांब पत्र लिहिलं. बऱ्याच पेपरांत मुलांसाठी पान असतं, तिथे मुलांचे निबंध आणि कविता छापतात, पण ते इतके साफसूफ केलेले असतात की मोठ्यांनीच लिहिलेत हे कुणालाही कळावं. त्याऐवजी तुमच्या पेपरात महिन्यातून एकदा तरी एका मुलाचा पहिला खर्डा आणि त्याच मुलाचा शेवटचा खर्डा शेजारी शेजारी छापा, नाव गाव नको असेल तर नुसती इयत्ता टाका, पहिल्यातल्या चुका आणि खाडाखोड जशीच्या तशी राहू दे, आणि मधे त्याला कुणी काय प्रश्न विचारला तेवढा एका ओळीत द्या. शिक्षकांना वर्गात वाचून दाखवायला ते कापून ठेवता येईल. माझ्या वर्गातली मुलं असे खर्डे पाठवायला तयार आहेत, त्यांच्या पालकांचीही हरकत नाही, कुठल्या पत्त्यावर पाठवायचे तेवढं कळवावं.

आपली,
पाचवी-सहावीला भाषा शिकवणारी एक शिक्षिका